अकराचे द्या, बारा महिने राहा: इंदूरमधल्या एका भाडेकराराचा हिशेब

राजेंद्र नगरातलं दुमजली घर. खाली घरमालक काका-काकू राहतात, वरच्या मजल्यावर वर्षभरापासून एक मराठी जोडपं भाड्याने आहे. ती सुपर कॉरिडॉरकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, तो भंवरकुआँच्या एका कोचिंगमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. भाडं महिना १५,००० रुपये, डिपॉझिट एका महिन्याचं. जुना करार मे महिन्यात संपत होता. एप्रिलच्या अखेरीस काका स्वतः जिना चढून वर आले आणि म्हणाले, "वर्षाचं भाडं एकरकमी देता का? एक महिना माफ करतो." म्हणजे १,८०,००० ऐवजी १,६५,०००.

लोकांचे कर आणि घरखर्चाचे हिशेब बघणं हे माझं काम, आणि दोन्ही घरं ओळखीची. म्हणून नवरा-बायको कागद घेऊन माझ्याकडे आली. पुढे काका-काकूंशीही बोलणं झालं. सगळ्यांना विचारूनच हे लिहितो आहे. लिहावंसं वाटलं, कारण हा प्रश्न इंदुरात वारंवार समोर येतो. शिकायला आलेल्या मुलांच्या आईवडिलांपुढे तर तो दर जून-जुलैत उभा असतो. आणि बहुतेक जण सूट किती एवढंच विचारून हो किंवा नाही म्हणून मोकळे होतात.

माझं म्हणणं असं आहे की आगाऊ भाडं हे भाडेकरूने घरमालकाला दिलेलं कर्ज असतं आणि सूट हे त्या कर्जावरचं व्याज. मग कर्ज देताना जे विचारायचं तेच इथेही विचारायला हवं: पैसे कशासाठी हवेत, मध्येच गरज पडली तर परत कसे मिळणार, आणि कागदावर काय लिहिलेलं आहे.

सूट आठ टक्के, व्याज साडेएकोणीस

दोघांनी आपापला हिशेब करून आणला होता. तो म्हणाला, "एक महिना माफ म्हणजे १,८०,००० वर सव्वाआठ-साडेआठ टक्के. मुदत ठेवीवर साडेसहा तर मिळतातच. दोन टक्क्यांसाठी एवढे पैसे कशाला अडकवायचे?" ती म्हणाली, "पंधरा हजार म्हणजे आपला महिन्याचा किराणा, पेट्रोल आणि वर थोडे. सोडायचे कशाला?"

त्याच्या हिशेबात एक गोष्ट निसटली होती. ठेवीतले साडेसहा टक्के पूर्ण वर्षाचे असतात. रक्कम बारा महिने बँकेत पडून असते. आगाऊ दिलेलं भाडं मालकाकडे वर्षभर पडून नसतं. भाडेकरू तिथे राहून दर महिन्याला त्यातले १५,००० वसूल करत जातो. शिवाय पहिल्या महिन्याचं भाडं तर करार काहीही झाला तरी त्याच दिवशी द्यायचं होतं. म्हणजे जादा हातातून जाणारी रक्कम १,५०,०००, आणि तिच्या बदल्यात पुढचे अकरा हप्ते, १,६५,००० रुपयांचे, वाचतात. पहिल्या महिन्यात मालकाकडे दीड लाख अडकलेले, अर्ध्या वर्षानंतर त्याच्या निम्मेच, शेवटी काहीच नाही. सरासरी धरली तर ऐंशी हजारांच्या आसपास रक्कम अकरा महिने अडकते आणि तिच्यावर १५,००० मिळतात. नेमकं गणित केलं की दर निघतो महिन्याला सुमारे १.६२ टक्के, म्हणजे वर्षाला साडेएकोणीस.

हे ताडून बघणं अवघड नाही. संगणकावरच्या कुठल्याही हिशेबाच्या तक्त्यात पहिल्या घरात उणे १,५०,००० लिहा, त्याखाली अकरा घरांत १५,००० लिहा आणि आयआरआर (IRR, गुंतवणुकीवरच्या परताव्याचा दर काढणारं) हे सूत्र लावा. महिन्याचा दर समोर येतो. त्याला बाराने गुणलं की वर्षाचा.

त्याचा चेहरा खुलला. साडेएकोणीस टक्के! मी त्याला लगेच दुसरा आकडा दाखवला, कारण टक्के मोठे दिसले तरी घरात येतात ते रुपये. दीड लाख ठेवीत ठेवून दर महिन्याला त्यातून भाडं काढत गेलं असतं, तर साडेसहा टक्क्यांनी वर्षात सुमारे साडेचार हजार व्याज आलं असतं. ते सोडावं लागणार. म्हणजे खरा फायदा १५,००० वजा ४,५००, साधारण साडेदहा हजार. रक्कम चांगली आहे, ती मी कमी लेखत नाही. महिन्याला पावणेनऊशे रुपये आपसूक वाचणं या वयात मोलाचं असतं. आता प्रश्न एवढाच की हे साडेदहा हजार कशाच्या बदल्यात मिळणार.

काकांना पैसे कशाला हवे होते

सहा-सात टक्क्यांनी बँकेत पैसे ठेवणारा माणूस साडेएकोणीस टक्क्यांनी उचलायला निघाला असेल तर विचारायलाच हवं. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. तिला संकोच वाटत होता, "काका काय म्हणतील?" म्हणून एका संध्याकाळी मीच त्यांच्याकडे जाऊन बसलो.

काकांनी काही लपवलं नाही. गच्ची गळते. मागच्या पावसाळ्यात वरच्या बेडरूमच्या छताला ओल आली होती, हे भाडेकरूंनाही माहीत होतं. वॉटरप्रूफिंग, उखडलेली फरशी आणि पाण्याच्या टाकीखालचं बांधकाम मिळून ठेकेदाराने दीड लाखाच्या घरात खर्च सांगितला होता. इंदुरात पाऊस जूनच्या मध्यानंतर येतो, म्हणजे काम मे महिन्यातच व्हायला हवं. पेन्शन घरखर्चाला पुरते. सहा लाखांची ठेव आहे, पण ती मुदतीआधी मोडायची नाही हे काकांनी पक्कं ठरवलेलं. "दवाखान्यासाठी ठेवलीय ती, तिला हात लावायचा नाही."

आणखी एक भीती होती, ती काकूंनी सांगितली. या जोडप्याच्या आधी वरचा मजला दोन महिने रिकामा होता. तीस हजार बुडाले. वर्षाचं भाडं हातात आलं की ती चिंताही मिटणार होती.

गरज खरी होती आणि माणसं सरळ होती. बऱ्याच वेळा एवढं कळलं की भाडेकरू निर्धास्त होतो. मला मात्र याच ठिकाणी काळजी वाटली. दिवाळीत हे जोडपं सोडून जायला निघालं आणि उरलेलं भाडं मागितलं, तर काका नाही म्हणणार नाहीत. पण द्यायचे कुठून? पैसे गच्चीत गेलेले असणार. देण्याची इच्छा आणि देण्याची ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आगाऊ भाड्याच्या बहुतेक भांडणांत इच्छा असूनही ऐपत नसते. मग चांगले संबंध असलेली माणसंच एकमेकांना टाळायला लागतात.

जायची वेळ आली तर?

तिच्या कंपनीने टीममधल्या काहींना पुण्याला बोलावलं होतं. तिचं नाव यादीत नव्हतं, पण पुढच्या यादीत येणारच नाही असंही कुणी सांगत नव्हतं. मी दोघांना वेगवेगळं विचारलं, वर्षाच्या आत इंदूर सोडावं लागण्याची शक्यता किती वाटते? तो म्हणाला दहात एक. ती म्हणाली चारात एक. ऑफिसातलं वारं तिला जास्त कळत असणार, म्हणून मी तिचं उत्तर जास्त वजनाचं धरलं.

आता समजा सहा महिन्यांनी जावं लागलं आणि उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. महिन्याच्या महिन्याला दिले असते तर तोवर ९०,००० गेले असते. इथे १,६५,००० गेलेले. नुकसान ७५,०००. एका बाजूला साडेदहा हजारांचा फायदा, दुसऱ्या बाजूला पंचाहत्तर हजारांचा खड्डा. या दोन्हींचा तोल साधतो तो जाण्याची शक्यता साधारण आठात एक असताना. त्यापेक्षा शक्यता जास्त असेल तर सौदा तोट्याचा. तिच्या अंदाजाने तो तोट्याचा होता, त्याच्या अंदाजाने जेमतेम फायद्याचा.

यावर कुणी म्हणेल, पैसे परत करायची अट घाला म्हणजे झालं. अट घातली की गणित बदलतं हे खरं. पण मघाशी लिहिलेला ऐपतीचा प्रश्न अटीने सुटत नाही, आणि त्या अटीचा कागद कसा होता ते पुढे येतंच आहे.

त्याआधी घरातल्या गंगाजळीबद्दल. दोघांकडे मिळून २,२०,००० बाजूला होते, बहुतेक लहान लहान ठेवींत. भाडं सोडून महिन्याचा खर्च ३२,००० आणि भाड्यासकट ४७,०००. आज दोघांचे पगार एकदम थांबले तर साडेचार महिने निभावतील. १,६५,००० देऊन टाकले की हाती ५५,००० राहतात. भाडं भरलेलं असलं तरी पावणेदोन महिन्यांतच ते संपतील. त्याचं कोचिंगचं मानधन सत्राप्रमाणे मिळतं; एक सत्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत ते लांबतं, हा त्याचा दरवर्षीचा अनुभव. अशात घरात आजारपण आलं आणि क्रेडिट कार्डावर खर्च ढकलावा लागला, तर कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते. भाड्यावर मिळवलेल्या दीड टक्क्याच्या दुप्पट. भरलेलं भाडं दवाखान्याच्या काउंटरवर चालत नाही, पण बँकेतले पैसे चालतात.

माझ्यासाठी एवढ्याने निकाल लागला होता. तरीही त्याने मधला मार्ग मांडला, आणि तो विचार करण्याजोगा होता: वर्षाऐवजी तीन महिन्यांचं आगाऊ द्यावं. दर तिमाहीला ७५० रुपये सूट मिळाली तर दर वर्षाला वीस टक्क्यांच्या थोडा वर जातो, म्हणजे वर्षभराच्या सौद्याइतकाच, आणि कुठल्याही वेळी जादा अडकलेली रक्कम तीस हजारांच्या आतच राहते. सहा महिन्यांचं द्यायचं तर ३,५०० रुपये सूट हवी. मग दर तोच साडेएकोणीसच्या आसपास, आणि सुरुवातीला अडकतात ७१,५००. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे, कारण कमी मुदतीत सूट बघून लोकांना फसल्यासारखं वाटतं. तिमाहीला ७५० रुपये क्षुल्लक दिसतात, पण ज्या मानाने पैसे अडकतात त्या मानाने ते वर्षाच्या सौद्यापेक्षा कमी नाहीत. काकांचं मात्र त्याने भागत नव्हतं. ठेकेदाराला मे महिन्यातच दीड लाख द्यायचे होते.

कागद

कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून काकांनी कराराचा मसुदा करून आणला होता. स्टॅम्प पेपर, नोटरीची जागा, सगळं नेहमीचं. त्यात ओळ होती: "वार्षिक भाडे रुपये एक लाख पासष्ट हजार फक्त, एकरकमी मिळाले."

ही ओळ दिसते साधी, पण तिच्यावर मला सगळ्यात जास्त वेळ घालवावा लागला. अकरा महिन्यांचे करार लोक का करतात हे सगळ्यांना माहीत आहे: एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायचं असतं. पण १९०८ चा नोंदणी कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा यांत मुदतीबरोबर आणखी एक प्रकार सांगितला आहे. ज्या भाडेपट्ट्यात भाडं वर्षाचं म्हणून ठरवलेलं आहे, त्याचीही नोंदणी सक्तीची. म्हणजे मुदत अकरा महिने ठेवून आत "वार्षिक भाडे" लिहिलं, की ज्याच्यासाठी अकरा महिने केले तेच गळ्यात येऊ शकतं.

आणि नोंदणी सक्तीची असताना ती न केलेल्या कागदातल्या अटी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत; फार तर एखाद्या अनुषंगिक गोष्टीपुरता तो कागद बघितला जातो. आता मघाचा प्रश्न आठवा. "मध्येच सोडलं तर उरलेलं भाडं परत" ही अट आपण याच कागदात घालणार होतो. ज्या दिवशी तिची गरज पडेल त्याच दिवशी कागद लंगडा. म्हणून करारात भाडं नेहमी महिन्याचं लिहावं, आणि आगाऊ रक्कम दिलीच तर ती कुठल्या महिन्यांपोटी दिली, कशी वळती व्हायची आणि मध्येच सोडल्यास किती दिवसांत परत करायची, हे वेगळ्या कलमात महिन्यांची नावं घालून लिहावं.

दुसरी गोष्ट घराच्या मालकीची. मालमत्ता कराच्या पावतीवर दोन नावं होती: काकांचं आणि नागपुरात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाचं. मसुद्यावर सही एकट्या काकांची. बोलता बोलता काका म्हणाले, "भाऊंची मुलं विकायचं म्हणतात. आज नाही, पण दोन-तीन वर्षांत होईलच काहीतरी."

घर मध्येच विकलं गेलं तर आगाऊ भाड्याचं काय? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १०९ वं कलम भाडेकरूला थोडं संरक्षण देतं. घर विकल्याचं माहीत नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर नवा मालक तेच भाडं पुन्हा मागू शकत नाही. पण हे संरक्षण देय झालेल्या भाड्याचं. अजून देय न झालेलं भाडं आधीच देऊन ठेवलं तर काय, यावर इंग्लंडमधला १८७० चा डी निकोल्स विरुद्ध सॉन्डर्स हा निकाल प्रसिद्ध आहे. मुदतीआधी दिलेली रक्कम म्हणजे भाडं नव्हे, ती मालकाला दिलेली उचल. भाडं देय होईल तेव्हा ती त्यात वळती करायची एवढाच त्या दोघांतला समझोता. तेवढ्यात घर दुसऱ्याच्या नावावर गेलं तर नवा मालक म्हणू शकतो, तुमची उचल जुन्या मालकाकडून वसूल करा, माझं भाडं मला द्या. आपल्याकडच्या वकिलांच्या युक्तिवादांतही हा मुद्दा येतो. आगाऊ रकमेची नोंद करारातच नीट असेल तर भाडेकरूची बाजू बळकट होते. तोंडी व्यवहार असेल तर तो नव्या मालकाच्या समोर उघडा पडतो. आगाऊ भाडं म्हणजे कर्ज हे मी वर लिहिलं ते केवळ समजावण्यासाठी नव्हतं.

तिसरी गोष्ट इथल्या राज्याच्या कायद्याची. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण कायद्यात, म्हणजे इथल्या भाडे नियंत्रण कायद्यात, असं बंधन आहे की भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागू नये किंवा घेऊ नये. भाडेकरू आपण होऊन देत असला तरी "घेऊ नये" यात काका येतातच. शहरात हे कलम किती जण पाळतात ते प्रत्येकाला दिसतं, पण वाद वर गेला तर आगाऊ घेणारा माणूस अडचणीत येतो. सत्तरीतल्या माणसाला आपण त्या अडचणीत का घालावं? मला ही बाजू भाडेकरूच्या नुकसानीइतकीच महत्त्वाची वाटली, आणि काकांनाही ती ऐकून पटली. तीन महिन्यांचा मधला मार्गही इथेच बाद झाला.

बाकीचे प्रश्न लवकर आटोपले. टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच त्यातून वळता करायचा आयकर, कापावा लागेल का, असं त्याने विचारलं. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तरच भाडेकरूला तो कापावा लागतो, त्यामुळे लागू नाही. एचआरएचा, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीचा, प्रश्नही नव्हता, कारण ती नव्या करप्रणालीत आहे आणि तिथे ती सवलत मिळत नाही. जुन्या प्रणालीत असती तर सूट घेतल्याने वजावटही घटू शकली असती, हे तिथल्या लोकांनी हिशेबात धरावं. ठेकेदाराला रोख हवी म्हणून काकांनाही भाडं रोखीत हवं होतं, त्याला मी साफ नाही म्हटलं. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज किंवा ठेव रोखीत घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि हे पैसे भाडं की कर्ज हा वाद तर वर पाहिलाच.

काकांचा हिशेब

"नाही म्हणा" असं भाडेकरूंना सांगून मी मोकळा झालो असतो, पण गच्ची तशीच राहिली असती आणि पावसाळ्यात पाणी त्यांच्याच पलंगावर टपकलं असतं. म्हणून काकांचा हिशेब काकांपुढे मांडला.

"काका, तुम्ही साडेएकोणीस टक्क्यांनी पैसे उचलताय."

"मी तर सूट देत होतो. व्याज कुठून आलं?"

त्यांना कागदावर दाखवलं. दीड लाख आज घ्यायचे आणि त्यापोटी अकरा महिने १५,००० सोडायचे, हे हप्त्याने फेडायचं कर्जच. त्यावर पंधरा हजार जातात. मग ठेवीचा विषय काढला. ठेव मोडायची नव्हती, ठीक. पण मुदत ठेवीवर बँक ओव्हरड्राफ्ट देते, म्हणजे ठेवीच्या तारणावर लागेल तेवढी उचल. व्याज बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं आणि ते वापरलेल्या रकमेवरच, वापरलेल्या दिवसांपुरतंच लागतं. ठेव तशीच चालू राहते, तिचं व्याज मिळत राहतं. सहा लाखांच्या ठेवीवर दीड लाख मिळायला काहीच अडचण नव्हती. आठ-नऊ टक्के धरले आणि दर महिन्याचं भाडं त्यात भरत गेलं, तर वर्षाचं व्याज साडेपाच-सहा हजारांच्या आसपास. पंधरा हजारांऐवजी सहा.

काकू म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हणत होते, बँकेत एकदा विचारून तर या." काकांना वाटत होतं की ठेवीवर कर्ज घेतलं म्हणजे ठेव अडकली आणि दवाखान्याला पैसे उरले नाहीत. उरलेल्या साडेचार लाखांवर मर्यादेपर्यंत केव्हाही उचल घेता येते, हे बँकेतल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावरच त्यांचं समाधान झालं. ज्यांची म्हातारपणाची सगळी शिल्लक एका ठेवीत आहे त्यांनी असं दोनदा विचारून घेणं योग्यच आहे.

राहिला घर रिकामं पडण्याचा प्रश्न. त्यात भाडेकरूंकडे देण्यासारखं काहीतरी होतं. सोडण्याआधी एका महिन्याची सूचना द्यायची अशी जुनी अट होती. ती त्यांनी आपण होऊन दोन महिन्यांची केली. नवा भाडेकरू शोधायला काकांना तेवढा वेळ मिळतो. भाडं दर एक तारखेला तिच्या खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन टाकली, म्हणजे मागायचा प्रसंग नको. याच्या बदल्यात भाडं १५,००० वरून १४,५०० झालं. पाचशेचा आकडा काकांनीच सुचवला.

आता दोन्ही बाजू जुळवून बघा. भाडेकरूंचे वर्षाला ६,००० वाचतात, शिवाय ठेवींचं व्याज त्यांच्याकडेच राहतं आणि एक रुपयाही अडकत नाही. आगाऊ देऊन साडेदहा हजार मिळाले असते, पण पंचाहत्तर हजार धोक्यात घालून. काकांचे भाड्यात ६,००० कमी झाले आणि बँकेला सहा हजारांच्या आसपास व्याज जाईल. मिळून बारा हजार, पंधरापेक्षा कमीच. आणि मध्येच कुणाला काही परत करायची वेळ त्यांच्यावर येणार नाही.

नवा करार अकरा महिन्यांचा, भाडं महिन्याचं लिहिलेला. त्यावर थोरल्या भावाचीही सही घेतली. नागपूरहून कागद येईपर्यंत आठवडा गेला, पण ती हवीच होती. एक कलम नवं घातलं: घर विकायचं ठरल्यास भाडेकरूला लेखी कळवायचं, आणि डिपॉझिट विक्रीआधी परत करायचं किंवा नव्या मालकाने ते स्वीकारल्याचं लेखी द्यायचं. हे कलम आगाऊ भाडं न देणाऱ्यांनीही आपल्या करारात घालून घ्यावं, कारण डिपॉझिट हीसुद्धा मालकाकडे पडलेली रक्कमच.

याच जोडप्याची परिस्थिती वेगळी असती तर माझं उत्तर वेगळं असतं का? असतं. बदलीचं वारं नसतं, वर्षभराचा खर्च बाजूला काढूनही दीड लाख उरले असते, घर एकाच्या नावावर असतं, मालकाकडे परत करण्याइतकी शिल्लक असती आणि प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन रीतसर कागद झाला असता, तर साडेएकोणीस टक्के सोडा असं मी म्हटलं नसतं. इतका परतावा बँकेत कुठे मिळत नाही. वडोदऱ्यात किंवा पुण्यात असाच प्रस्ताव आला तर तिथल्या राज्याचा कायदा आधी बघावा, कारण आगाऊ भाड्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

गच्चीचं काम पावसाआधी पूर्ण झालं. ठेकेदाराला पैसे काकांनी चेकने दिले. तिच्या बदलीचं अजून काही ठरलेलं नाही; ठरलं तर दोन महिने आधी सांगायचं आणि निघताना एका महिन्याचं डिपॉझिट परत घ्यायचं, एवढाच व्यवहार काका आणि त्यांच्यात बाकी राहील.